मळवट भरलेली फ्रेंच धनगरीण

शरदला मी शेवटचा भेटलो तेव्हा माझ्या दोन्ही काखांत रिकामी खोकी होती आणि गळ्यात बबल रॅपचं भेंडोळं. त्याच्या हॉलमध्ये हॉस्पिटलचा पलंग यायचा होता. त्यासाठी शोकेस हलवायचं, आतल्या पुतळ्या पॅक करायच्या, असं त्याच्या मुलीनं, ईशानं, मला बजावलं होतं. सोफ्यावरून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "एवढीशी खोकी? माझ्या मापाचं एकही नाही?" हसावं की रडावं या घोळात माझा पाय बबल रॅपवर पडला आणि फटाफट बार उडाले. "वा, सलामीपण आणलीस! आता हे सगळं परत ने. मी आहे तोवर एकही बाई खोक्यात जाणार नाही." शेवटी डायनिंग टेबल गराजमध्ये गेलं आणि पलंग त्याच्या जागी. पुढच्याच आठवड्यात ईशाचा फोन आला, "काका, बाबा..." पुढचं तिला मराठीत सांगता येईना, इंग्लिशमध्येही.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गातल्या आमच्या मराठी कंपूत शरदचं नाव बाहुलीवाला. रिटायर्ड इंजिनिअर माणूस, गोल्फ खेळावं, शेअर बघावेत. हा लोकांच्या घरच्या जुन्या सामानाच्या सेलला जाऊन शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच पुतळ्या उचलून आणायचा. पोर्सलीनच्या, पण चकाकी नसलेल्या. भट्टीतून निघाल्या तशाच खडूसारख्या पांढऱ्या. या प्रकाराला बिस्किट म्हणतात, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी सोबत चहा मागितला होता. "वर काच चढवली की चुका झाकतात," तो म्हणायचा. "या बायांना झाकायला काही नाही. जे लागेल ते पिऊन टाकतात." हे पिऊन टाकण्याचं मी नीट ऐकायला हवं होतं.

कारण एकदा गौरींच्या आराशीसाठी मी त्याची एक धनगरीण मागून आणली. हातात टोपली, पायाशी कोकरू, आणि कपाळ मात्र मोकळं! सणाच्या दिवशी बरं दिसेल का? मी ओलं कुंकू कालवून लावलं. विसर्जनानंतर पुसायला गेलो, तर निघेना. ओल्या फडक्यानं मसुराएवढा ठिपका रुपयाएवढा झाला. मग मी दात पांढरे करणारी टूथपेस्ट चोळली... बाईचा मळवट भरला आणि वर पुदिन्याचा वास. बायको म्हणाली, "आता केसांना डाय लावा तिच्या, म्हणजे झालं."

शरद आला. पुतळी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिला. "कुंकू समजू शकतो. टूथपेस्ट कशाला रे, गाढवा?" साफ करून देणारं कुणी शोधतो, मी म्हटलं. "खबरदार! हे बघ." त्यानं ती उलटी केली. "हा कारखान्याचा शिक्का. पण साच्यातून निघालेले हात ज्यानं जोडले, ही नखं कोरली, त्याचं नाव कुठे आहे? नाही. तुझा गाढवपणा तरी राहू दे कपाळावर." शोकेसमध्ये तिला मधली जागा मिळाली. त्या शोकेसची काचेची दारं त्यानं केव्हाच काढून टाकली होती.

केमोनं केस गेले तेव्हा ईशानं लोकरीची टोपी आणली. हा मंडळाच्या पाडव्याला बोडक्या डोक्यानं हजर. "शरदराव, टोपी तरी घालायची," कुणीतरी कुजबुजलं. "काच चढवत नाही मी," हा मोठ्यानं म्हणाला आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

पुतळ्या विकायच्या का, हे तो गेल्यावर ईशाचं ठरत नव्हतं. मागच्या महिन्यात जुन्या वस्तूंचा एक विक्रेता बघायला आला. धनगरणीचं कपाळ निरखून म्हणाला, हा डाग काढता येईल. "डोन्ट यू डेअर!" ईशा ओरडली... अगदी बापाचा आवाज. त्याला वाटेला लावून तिनं धनगरीण माझ्या हातात दिली. "काका, ही तुमची. बाकीच्या इथेच राहतील." खोकं देऊ लागली, मी घेतलं नाही. शेजारच्या सीटवर बसवून, सीटबेल्ट लावून नेली. सिग्नलला बाजूच्या गाडीतला माणूस टक लावून बघत होता. बघू दे.

आता ती आमच्या किचनच्या फळीवर उभी असते, उघड्यावर. धूळ बसली की मी बायकोच्या मेकअपच्या ब्रशनं झटकतो. फोडणीच्या धुरानं कोकरू पिवळं पडायला लागलंय, असं बायको म्हणते.

पिऊ दे.