एक गाठ, दोन गाठी

अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. चकवा, भानामती असलं कोणी सांगू लागलं की मी उठून जायचो. त्यामुळे हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील... हसू देत. मी आता शहाऐंशीचा आहे आणि यातलं अर्धं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

एकोणीसशे एकसष्ट साली माझी नेमणूक नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात झाली. गावाबाहेर तलाव होता. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागलं की उघड्या गाळावर तुतवार, चिखले, शेकाटे उतरायचे, काही तर थेट उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातून आलेले. ही जागा मला सुखदेवने दाखवली. तो पाणी हटेल तसे त्या काठाला डांगरांचे वेल लावायचा. या पक्ष्यांना तो ‘पावने’ म्हणायचा.

पहिल्याच दिवशी मी गुडघ्यापर्यंत रुतलो.

“मास्तर, पाखरं पाहाले आले का पाय धुवाले?”

मग त्याने मधल्या उंचवट्यापर्यंत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, ओळीने रोवल्या आणि प्रत्येकीला पांढरी चिंधी बांधली.

“दोन गाठी दिसल्या त चाला. एक दिसली त थांबा. मास्तर होय ना तुमी, दोनपर्यंत त मोजता येते.”

दुसऱ्या हिवाळ्यात अमरावतीहून दोघे बंदूकवाले दर रविवारी येऊ लागले. आमच्याच पऱ्हाट्यांच्या खुणेने आत जायचे आणि पोतं भरून पक्षी न्यायचे. एका शनिवारी सुखदेव बाळापूरला सासुरवाडीला गेला होता, सोमवारी येणार होता. त्या संध्याकाळी मी अर्ध्या वाटेपासूनच्या पऱ्हाट्या उपटल्या आणि डावीकडच्या मऊ गाळात रोवल्या. गाठी तशाच, दोन-दोन. बंदूकवाले मांडीपर्यंत रुततील, पुन्हा येणार नाहीत... मनात एवढंच होतं. तिकडे गाळाने बुजलेली जुनी विहीर आहे हे मला माहीत नव्हतं.

सुखदेव त्याच रात्री परतला. सकाळी दाट धुकं होतं. तो पावने पाहायला गेला – स्वतःच्या गाठींवर विश्वास ठेवून.

मी पोचलो तेव्हा त्याचा एक हात तेवढा वर होता. थंड. मी गावाला हाक मारली, पण त्याआधी सगळ्या पऱ्हाट्या उपटून पाण्यात टाकल्या. हे एक वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली.

“पिऊन गेला असंल,” लोक म्हणाले. त्याच्या वस्तीबद्दल असं बोलायला कोणाला पुरावा लागत नसे. त्याची बायको, सोनावहिनी, माझ्याकडे आली.

“मास्तर, तुमी त सांगा लोकायले. थे पेत नव्हते. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून शिवले नाईत.”

“काय सांगू, वहिनी,” मी म्हणालो. ती आल्या पावली परत गेली. पुढे ती अकोल्याला भावाकडे राहायला गेली.

पुढच्या हिवाळ्यात मी तलावावर एकटाच गेलो. परत यायचं असं काही ठरवलं नव्हतं. तसंच धुकं. मी डावीकडे चालू लागलो. पाय खोल जाऊ लागले... आणि समोर एक पऱ्हाटी. पांढरी चिंधी. एक गाठ.

मी थांबलो. उजवीकडे आणखी एक होती. दोन गाठी. तिच्यापुढे तिसरी, दोन गाठी. मी लहान मुलासारखा मोजत गेलो. पायाखाली कोरडी माती लागली तेव्हा मागे वळून पाहिलं. धुकं विरळ झालं होतं. पऱ्हाटी एकही नव्हती. माझ्या पावलांची ओळ विहिरीच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, वळली होती. तुतवार तिच्या शेजारी चोच मारत होते. एकही उडाला नव्हता.

त्याच दिवशी अकोला गाठून वहिनींना सगळं सांगायला हवं होतं. नाही गेलो. आता वहिनीही नाहीत.

धुक्यात माणसाला भास होतात, हे मी वर्गात शिकवलंय. मग त्या गाठी कोणी बांधल्या? मी गाठींनी खोटं बोललो होतो. त्यांनी मला मात्र खरंच सांगितलं.

त्या गावचं कोणी हे वाचत असेल तर घरोघरी एवढं सांगा. सुखदेव प्यायलेला नव्हता.