स्पॅनिश गाण्याला वन्स मोअर

सांता क्लारामधल्या आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर स्पेनमधला एक रॉक गिटारवादक राहत असे. मायदेशी त्याच्या बँडची गाणी गाजली होती. शब्द त्याचे, चाली त्याच्या. गायचा मात्र त्याचा मित्र. बँड फुटला, बायकोला इकडच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तिच्याबरोबर येऊन तो मुलांना गिटार शिकवू लागला. मी तेव्हा एका चिप कंपनीत ध्वनिसंकेतांवर काम करीत होते. तारेच्या कंपनाचं गणित मला येत होतं, तार छेडणं येत नव्हतं. ती उणीव भरून काढायला मी शनिवारी त्याच्याकडे जात असे.

त्या वर्षी उन्हाळा संपताना स्पेनमधल्या एका लोकप्रिय गायकानं त्याला दौऱ्यावर साथीला बोलावलं. होकार दिला, तर वर्षभर दुसऱ्याच्या गाण्यांमागे उभं राहायचं; नकार दिला, तर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम, स्वतःच्या आवाजात. उत्तर आठवड्याभरात हवं होतं.

"आवाज हीच तर अडचण आहे," शनिवारी मी शिकायला गेले तेव्हा तो म्हणाला. "आमच्या स्वयंपाकघराबाहेर तो कुणी ऐकलेलाच नाही."

"मग ऐकवल्याशिवाय निष्कर्ष कसा काढतोस?"

त्याच शनिवारी संध्याकाळी फ्रीमाँटच्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या मंडळाचा गणेशोत्सव होता. साउंड माझ्याकडे होता. नाट्यगीतांच्या तबलजीनं ऐन वेळी कॅन्सल केलं, तेव्हा त्या रिकाम्या वेळेसाठी मी शेजाऱ्याचं नाव पुढे केलं.

"रॉक?" मंडळाचे अध्यक्ष असलेले काका दचकले. "अगं, पहिल्या रांगेत सगळ्यांचे आईवडील बसलेत. कुणाचा पेसमेकर बंद पडला तर?"

"काका, एकटा माणूस, एक गिटार. आणि व्हॉल्यूम माझ्या हातात आहे."

"बरं. पण वडे तळून होईपर्यंतच हं!"

त्यानं नवं गाणं निवडलं. नजर स्वतःच्या बोटांवर खिळवून, काहीशा खरबरीत आवाजात तो ते गायला. गाणं संपलं. मग पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी आरोळी दिली, "वन्स मोअर!" आणि ती मागच्या रांगांनी उचलून धरली.

त्याचा चेहरा उजळला. रॉकच्या मैफलीत असा आग्रह झाला की आणखी एक गाणं द्यायचं, तेही गाजलेलं. त्यानं लगेच बँडचं सर्वांत प्रसिद्ध गाणं सुरू केलं. काका हात हलवत स्टेजवर धावले. "नो, नो! सेम साँग!"

त्यानं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "काय चुकलं?"

मी पुढे जाऊन समजावलं. आमच्या संगीत नाटकात पद आवडलं की प्रेक्षक तेच पद तिथल्या तिथे पुन्हा गायला लावतात. कथानक तोवर थांबतं.

"तेच? आत्ता ऐकलेलं?"

"तेच."

"पण त्यांना एक शब्द कळला नसेल!"

"म्हणून तर पुन्हा ऐकायचंय," काका इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही गा. वडे थांबतील."

तो पुन्हा गायला, या वेळी जरा संथ आणि समोर पाहत. मी मिक्सरला हातही लावला नव्हता, तरी मीटरवरचे दिवे पहिल्यापेक्षा वर चढले.

परतीच्या वाटेवर, फ्रीवेवर, मी सावधपणे म्हटलं, "एका प्रयोगावरून निर्णय घेऊ नये."

"प्रयोग दोनदा झाला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं दौऱ्याला नकार कळवला.

पुढच्या वर्षी अल्बम आला. त्यात ते गाणं लागोपाठ दोनदा आहे. स्पेनमधल्या श्रोत्यांना त्याचं कारण काय वाटलं असेल, कोण जाणे. एकदा काकांनी मला स्टेशनवरून घरी सोडलं, तेव्हा त्यांच्या गाडीत तीच सीडी वाजत होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी आवाज वाढवला.

"हे ऐक," ते म्हणाले. "पहिल्यांदा घाबरला होता गडी."