वानवळ्याची तक्रार

भिकाजी बावीस वर्षे ग्रामपंचायतीत लिपिक आहे, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या दारात कोणी शेवग्याची शेंगसुद्धा ठेवली नाही. ग्रामसेविका विनीताला येऊन जेमतेम वर्ष झाले. तिच्याकडे मात्र कुणाची चवळी, कुणाची कोकमाची सोले, आणि परवा तर हौसाबाईच्या पहिल्या फणसाचे गरे, डबा भरून. नव्या पिकातला शेजाऱ्याचा वाटा म्हणजे वानवळा, हे भिकाजीलाही ठाऊक होते. पण गऱ्यांचा वास टेबलापर्यंत आला आणि त्याचा जीव करपला.

त्याच आठवड्यात ओरोसच्या जिल्हा परिषदेतून परिपत्रक आले : कर्मचाऱ्यांनी कुणाकडून भेटवस्तू घेऊ नये. भिकाजीने ते तीनदा वाचले आणि तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. चवळी, सोले, गरे, सगळे तारखेनिशी. अर्ज गेला की विनीतामागे चौकशी लागणार होती. ठेकेदाराची आंब्याची पेटी तिने आल्या पावली परत पाठवली होती. ते अर्जात नव्हते.

साक्षीला त्याने हौसाबाईलाच बोलावले.

“काकी, गरे दिलंस मा तू? मग हयसर सही कर.”

“करतंय. पण तिना माका काय दिल्यान, ता पण लिव.”

“ता कित्याक?”

“तिना माझा भांडा कधी रिकामा धाडूक नाय. पीठ धाडल्यान, गूळ धाडल्यान. माका ताप इलो तेव्हा पेज घेवन इली. लिव.”

सभेत बोललेला शब्द भिकाजीने कधी इतिवृत्तातून गाळला नव्हता. हात सवयीने चालला. मग मध्येच थांबला.

“आणि माका कित्याक नाय गो?”

“तुका दिल्लंय मा, नवीन इललंस तेव्हा. तू शिपायाच्या हातान परत धाडलंस. नियम तुझो बरोबर. पण स्वता दिवक इलो असतंस, पाणी पिलो असतंस, तर काय रे बिघडला असता?”

भिकाजीने कागद वाचून पाहिला. ती तक्रार राहिलीच नव्हती. विनीताचे कौतुक झाले होते, आणि तेही त्याच्या वळणदार अक्षरात.

“खंय सही करू?”

“नको. जा तू.”

कागद चुरगळून त्याने खिशात कोंबला. हौसाबाई जाता जाता विनीताच्या टेबलापाशी थांबली. दोघी कसल्याशा गोष्टीवर हसल्या. भिकाजीने मान वर केली नाही. कान मात्र तिकडेच होते.