दोन संघटनांमध्ये अडकलेली शिखादीदी

मारवाड्याची पोरगी ज्युदो खेळते, हे जालन्यात आधी कुणाला खरंच वाटायचं नाही. मदनलालजींचं मोंढ्याच्या बाजारात बियाण्यांचं दुकान. शिखा त्यांची धाकटी. शाळेच्या शिबिरात तिने आपल्याहून दांडग्या मुलीला खांद्यावरून फेकलं आणि घरी येऊन सांगितलं, मला हेच करायचंय. आईने अबोला धरला. मदनलालजी मात्र प्रत्येक स्पर्धेला तिच्यासोबत जायचे आणि लढत सुरू झाली की डोळे मिटून बसायचे.

राष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्ण मिळवलं, तेव्हा शहरातून तिची मिरवणूक निघाली. पुढच्याच वर्षी सरावात गुडघा असा फिरला की शस्त्रक्रियेनंतरही पहिल्यासारखा झाला नाही. पंचविशीत खेळ संपला. घरात स्थळांची चर्चा सुरू झाली, आणि शिखाने वडिलांकडे त्यांचं जुनं गोदाम मागितलं. पोती हलवून तिथे मॅट टाकल्या, क्लब सुरू झाला. बियाण्यांच्या औषधाचा वास कित्येक महिने भिंतींतून गेला नव्हता.

माझी अंतरा लहानपणीच तिच्याकडे जायला लागली. मी जिल्हा परिषदेत नोकरीला. संध्याकाळी पोरगी सुरक्षित जागी असावी, एवढाच माझा हेतू. शिखाने तिला खेळाडू केलं. "रडायचं तर रड, पण पकड सोडू नको," असं ती सांगायची. क्लबच्या मुली जिल्ह्यात जिंकायला लागल्या, मग विभागात.

गेल्या वर्षी अंतराची राज्य निवड स्पर्धा नाशिकला होती, मीही सोबत गेले होते. त्या वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. वजन गटात बसावं म्हणून आदल्या दिवसापासून तिने जवळजवळ काही खाल्लं-प्यालं नव्हतं. ओठ सुकलेले. ती वजनाच्या रांगेत उभी राहिली आणि शिखा नाव द्यायला टेबलाशी गेली.

टेबलावरच्या मुलाने संगणकात पाहिलं. "जालना? तुमचा जिल्हा आमच्याकडे नाही, मॅडम."

राज्याची संघटना मधल्या काळात फुटली होती. दोन्ही गट स्वतःला खरे म्हणत होते आणि भांडण कोर्टात होतं. आमच्या जिल्ह्याचे पदाधिकारी कुणाला न विचारता दुसऱ्या गटात गेले होते. पुढे राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होते ते मात्र इथले विजेते.

"पोरगी जिल्ह्यात पहिली आल्ती. तुमच्याच पंचांसमोर खेळली," शिखा म्हणाली.

"ते पंच आता तिकडे आहेत."

ती सचिवांकडे गेली. ते एकेकाळी तिच्याच संघात खेळलेले. तिला पाहताच उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली.

"कोर्टाचा आदेश आहे, शिखा. एकीला घेतलं तर उद्या सगळी स्पर्धा रद्द होईल."

"तू मला ओळखत न्हाई का?"

"ओळखतो म्हणून तर तुझ्याकडे बघून बोलवत नाही."

बाहेर येऊन ती माझ्याशेजारी भिंतीला टेकली. "उमाताई, समोर कुणी असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. इथं धरायचं कुणाला?"

मग ती अंतराजवळ गेली आणि पाण्याची बाटली पुढे केली. "पी."

"दीदी, वजन व्हायचंय अजून."

"पी म्हणते ना."

अंतराने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाटली घेतली आणि रांगेतून न हलता सगळं पाणी पिऊन टाकलं. मागच्या मुली एकेक करून तिच्या बाजूने पुढे जात होत्या.

परतल्यावर शिखाने क्रीडा कार्यालयात खेटे घातले, पुढाऱ्यांना भेटली. सगळे अदबीने बोलले, चहा पाजला. हे आमच्या हातात नाही, असंच सगळ्यांनी सांगितलं. कोर्टात तारखा पडत राहिल्या. क्लबच्या मोठ्या मुली हळूहळू कमी झाल्या.

एका संध्याकाळी ती आमच्या घरी आली. बसायच्या आधीच म्हणाली, "अंतराला संभाजीनगरच्या क्लबात घाला. तो बराबर गटात आहे. मी बोलून आले."

"मी न्हाई जाणार," अंतरा म्हणाली.

"मंग काय करशील? जन्मभर गोदामात लढशील?" शिखाचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "माझा गुडघा गेला, त्याला इलाज नव्हता. तुझी वर्षं चालली, ती मी बघत बसू?"

अंतरा उठून आतल्या खोलीत गेली. महिन्याभराने मी तिला होस्टेलवर सोडून आले.

यंदाच्या राज्य स्पर्धेत अंतराच्या पाठीवर दुसऱ्या क्लबचं नाव होतं. शिखा माझ्यासोबत गॅलरीत बसली. मॅटशेजारच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत तिला आता बसता येत नव्हतं. उपांत्य लढतीत समोरच्या मुलीने अंतराला खाली दाबून धरलं. खुर्चीतले प्रशिक्षक नुसतं "उठ, उठ" ओरडत होते. शिखा कठडा धरून उभी राहिली.

"डावा पाय सोडव! अंतरा, डावा!"

एक स्वयंसेवक धावत आला. "मॅडम, इथून सूचना देता येत नाहीत. बसून घ्या."

ती बसली. खाली पंचांनी हात वर केला. अंतरा हरली.

नंतर कांस्यपदकाची लढत तिने जिंकली. फोटोला प्रशिक्षक तिच्या शेजारी उभे राहिले. ती घामाने भिजलेली वर आली आणि शिखाच्या पाया पडली.

"दीदी, तुमचा आवाज ऐकू आल्ता. पण काय म्हणून राह्यलात ते कळलंच न्हाई."

"काही न्हाई. चांगली खेळलीस तू," शिखा म्हणाली. "जा, तुझी टीम थांबलीय."

 जालन्याच्या वाटेवर तिने मला विचारलं, "होस्टेलवर तिला जेवण बराबर मिळतं ना?"

मिळतं, असं मी सांगितलं.