मत मागायला गेले ते दार

काडरीला हीथ्रोवर सोडून परत येताना बसमध्ये मला रडू आलं. काडरी एस्टोनियाची. तिकडे विद्यापीठात शिकवायची, मग संसदेत निवडून गेली, पुढची निवडणूक हरली आणि लंडनला येऊन आमच्या डिपार्टमेंटमध्ये राज्यशास्त्र शिकवू लागली. आमची टेबलं समोरासमोर. आता तिच्या पक्षाने तिला पुन्हा उभं राहायला बोलावलं होतं. मला सांगलीहून कुणी बोलावत नव्हतं, खरं दुखणं ते होतं.

मी निघाले तेव्हा बाबा एस.टी. स्टँडवर एवढंच म्हणाले होते, "जाशील तिथली होऊन राहा." सांगायला काय जातं! आता बाबा नाहीत, आणि दादाने घर भाड्याने दिलंय.

भारतीय पासपोर्टवरही इथे कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची निवडणूक लढवता येते, नुसतं शिकवत काय बसतेस, असं काडरी जाता जाता बजावून गेली. म्हणून मी लंडनच्या हाउन्सलो भागातून एका पक्षातर्फे उभी राहिले. बाबा जन्मभर पक्षाचं काम करायचे. त्यांच्यामागे फिरून मला प्रचाराची एकच रीत ठाऊक: पायातलं दाराशी काढायचं, आत जाऊन बसायचं, चहाला नाही म्हणायचं नाही. इथे दारातच लीफलेट द्यायचं, हसायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं. पहिल्याच दिवशी एका गोऱ्या आजोबांच्या दारात मी सवयीने बूट काढले. ते बिचारे भेदरून माझ्या मोज्यांकडे बघत राहिले. संध्याकाळी बाकीच्यांचे रस्तेच्या रस्ते संपले होते, माझी जेमतेम चार घरं झाली होती. पक्षाचा एजंट वैतागला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

त्या चारांतलं एक घर सुमनकाकूंचं. मूळच्या नागपूरच्या, काका गेलेले, मुलगा स्टॅनमोरला. म्हणजे फार लांब नाही, पण येणार ते दिवाळीला. काकूंनी बळेबळे पोहे खायला घातले आणि विचारलं, "मत तर देतेच मी तुला. पण इलेक्शन झाल्यावर येशील का गं?"

येते म्हणाले. उमेदवार सगळ्यांनाच येते म्हणतो.

मी हरले, अगदी सपाटून. पुढे काडरीचा फोन आला. ती निवडून आली होती, मागे माणसं गात होती. मला मनापासून आनंद झाला आणि हेवाही वाटला. ती हरली असती तरी तिच्या माणसांत हरली असती. त्या आठवड्यात वर्गाबाहेर मी कुणाशी बोलले नाही.

रविवारी काकूंकडे गेले. तोंड कसं दाखवावं कळत नव्हतं. दार उघडून त्या म्हणाल्या, "हरलीस ना? मग आता सावकाश बस."

तुम्ही सगळे सांगलीहून फोनवर विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? मत मागायचं नसतानाही ज्या दाराची बेल वाजवता येते, ते घर. एवढ्या मोठ्या शहरात मला असं दार एकच आहे, आणि ते ऐंशीच्या घरात आलेल्या एका बाईचं आहे.