बिननक्षीचा चाकू

अख्ख्या परभणी जिल्ह्यात माणसाची पारख त्याच्या घरातल्या चाकूवरून करणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. हे मामा मानवतच्या एका शाळेत कारकून होते. कुणाच्या घरी गेले की पाणी पिऊन झाल्यावर ते यजमानाच्या मुलाबाळांची चौकशी करत नाहीत. चाकू दाखवा म्हणतात. चाकूच्या मुठीवर मोर, वेलबुट्टी किंवा इंद्रधनुष्य असलं तर चहा अर्धा ठेवून उठतात. मुलीसाठी पाहिलेलं एक स्थळ केवळ त्या घरातला चाकू करवतीच्या दात्यांचा निघाला म्हणून त्यांनी जवळजवळ मोडलं होतं. आत्या मध्ये पडली म्हणून ती मुलगी आज सुखाने संसार करते आहे.

मामांचा स्वतःचा चाकू बोरीच्या एका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून घडवला होता. सरळ पातं, बाभळीची सरळ मूठ आणि मुठीत दोन पितळी खिळे. त्या पितळेचीही मामांना थोडी लाज वाटते. लोखंडी खिळ्यांनी भागलं असतं, लोहाराने हौसेने पितळी घातले, असा खुलासा ते न विचारता करतात. शेजारच्या एका व्यापाऱ्याने एकदा परदेशी चाकू आणून दाखवला. त्यातून कात्री निघाली, कानस निघाली, दात कोरायची काडी निघाली, एवढीशी बॅटरीसुद्धा निघाली. मामांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि विचारलं, "आता यातला चाकू कोणताय?" मग त्यांनी त्याच्यापुढे एक पेरू ठेवला. तो पेरू ओसरीभर पळाला, पण कापला गेला नाही. वाढदिवसाला रिबीन बांधलेला प्लास्टिकचा चाकू दिसला की मामा विचारतात, केक कापायचाय का विंचरायचाय?

माझीही सुटका झाली नाही. आमच्या घरात वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं यायची. त्यांच्यावरच मी वाचायला शिकलो आणि पुढे स्वतः लिहू लागलो. जमिनीच्या प्रश्नावरचं एक पत्रक मी मोठ्या अभिमानाने मामांना नेऊन दिलं. लाल ठसठशीत अक्षरं, वर उगारलेली मूठ, चहूबाजूंनी ज्वाळांची चौकट. मामांनी खिशातून चाकू काढला, चारही बाजूंच्या ज्वाळा कापून टाकल्या आणि उरलेला कागद मला परत दिला. म्हणाले, "खरं लिहायलास, मग सजवायलास कशाला? वाचणाऱ्याला वाटतंय, ह्याला स्वतःलाच भरोसा न्हाई." मी चिडलो होतो. पण त्यानंतर मी पत्रकाला चौकट कधी घातली नाही. आज भपक्याने विकल्या जाणाऱ्या वस्तू पाहतो, भपक्याने विकली जाणारी माणसं पाहतो, तेव्हा त्या कापलेल्या कागदाची आठवण येते.

मामांचा आणखी एक कडक नेम होता. चाकू कधी कुणाच्या हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, समोरच्याने उचलून घ्यायचा. हातोहात दिला तर दोघांत भांडण लागतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मामा जरा जास्त मानायचे. रोज सकाळी धार लावून ते चाकू पाटावर ठेवायचे आणि आत्या तो उचलायची. आणि लगेच भांडण सुरू व्हायचं. भाजी जून आणली, कोथिंबीर विसरली, चाकूचे लाड फार होतात. आत्या म्हणायची, "माझ्या तोंडाला बी तेवढीच धार हाय. तिची कदी तारीफ केली न्हाई तुमी." खाली ठेवूनही रोज भांडतो, मग हा नेम काय कामाचा, असं ती विचारायची. मामांचं उत्तर तयार असे, "हातात दिला असता तर कोर्टात गेलो असतो."

गेल्या वर्षी आत्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. परभणीच्या डॉक्टरांनी धीर दिला. बोलणं परत येईल, म्हणाले, पण त्यांनी बोललं पाहिजे. हातही कामाला लावला पाहिजे. सुरुवातीला ती बोलू पाहायची. मग भेटायला आलेल्या एका बाईने तिचे तुटके शब्द ऐकून डोळ्यांना पदर लावला, आणि त्या दिवसापासून आत्याने तोंड मिटलं. विचारलं की मान हलवायची, बस. भाजी मामा चिरू लागले. सगळे तुकडे एकसारखे, मोजून कापल्यासारखे, आणि घरात त्यावर टीका करणारं कुणी नाही. मी दर रविवारी एसटीने मानवतला जायचो. त्या घरातली ती शांतता मला सहन व्हायची नाही.

मामांच्या पुण्यातल्या मुलाने आईसाठी चाकूंचा संच पाठवला. मखमली खोका, सहा रंगांचे सहा चाकू, पात्यांवर फुलं, मुठींना बोटांसाठी खाचा. मला वाटलं, आता मामा तो खोका गल्लीत फेकणार.  पण मामांनी त्यातला गुलाबी चाकू काढला आणि आत्यापुढे पाटावर ठेवला. आयुष्यभराचं मत त्यांनी मुकाट्याने गिळलं होतं, तिचा हात चालावा म्हणून. नेम विसरून मी तो चाकू आत्याच्या हातात बसवून पाहिला. पण त्या खाचा एका ठरलेल्या हातासाठी होत्या. आत्याची वाकडी बोटं त्यांत बसेनात. चाकू घसरून पडला. मामा बरोबर ठरले होते, आणि इतकं दुःखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी आपला चाकू घेतला. आत्याच्या जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून ते ती मुठीवर गुंडाळू लागले. दोन वेढे दिले की मूठ स्वतःच धरून तिच्या तळव्याला लावून पाहायची, पट्टी पुन्हा सोडवायची, पुन्हा गुंडाळायची. मूठ सरळ होती म्हणून जमलं. त्या मुठीने कुठल्याच बोटाला जागा नेमून दिली नव्हती. झाल्यावर मामांनी सवयीने चाकू पाटावर ठेवला. आत्याने हात पुढे केला. सपाट पाटावरून तो तिला उचलता येईना. दोनदा बोटं घसरली. तिने हात मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

 मग मामांनी चाकू उचलला, तिच्या हातात दिला आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटवली.  आत्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मामा म्हणाले, "भांडण लागतं म्हणतात. लागू दे."

पाटावर दोडका होता. आत्याने हळूहळू एक चकती कापली, वेडीवाकडी. चकतीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. ओठ बराच वेळ नुसते हलले.

"जून," ती म्हणाली. "जून... आणला."

"जून कुठाय?" मामांचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "कवळा हाय. तुला काय कळतंय."

"लय... जून."

आता त्या घरात पुन्हा रोज भांडण होतं. मामा चाकूला धार लावतात आणि तिच्या हातात देतात. आता ती पाटावरून उचलू शकते. तरी हातातच देतात.