नखरेबुवांचं नख

प्रयोगशाळेत त्यांना सगळे नखरेबुवा म्हणत. नवीन येणाऱ्याला ते आडनाव वाटे. हजेरीपत्रकात ते सापडत नाही म्हणून एकाने रीतसर चौकशीही केली होती. माणसात नखरा औषधालाही नव्हता. होतं ते नख: उजव्या अंगठ्याचं, बोटापुढे दोन मिलिमीटर, घासून नीट ठेवलेलं.

काम सांगायला सोपं होतं. ध्वनीच्या सहापट वेगाने वायू वाहणाऱ्या बोगद्यात एक पोलादी शंकू ठेवायचा. शंकूच्या अंगाला चिकटून वायूचा पातळ थर सरकतो. आधी तो शहाण्यासारखा वागतो, मग त्यात बारीक लाटा उठतात, सेकंदाला दोन-तीन लाख, आणि त्या वाढत वाढत थर विस्कटून टाकतात. या लाटा पकडायला शंकूवर आठ सेन्सर बसवलेले, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. एखादा केसाच्या काही भागाएवढा जरी वर राहिला, तरी त्याला ठेचकाळून वायू तिथेच बिथरतो; आणि निसर्ग मोजल्याच्या आनंदात आपण स्वतःची चूक मोजत बसतो. म्हणून बुवा शंकूवरून टोकापासून बुडाकडे नख ओढत. ते कुठे अडलं नाही की फॉर्मवर ‘नख: पास’ लिहून सही. रकाना अधिकृत होता.

यासाठी एक यंत्रही आणलं होतं. ते प्रकाशाने मोजे. पण बुवांनी शंकूला इतकी चकाकी आणली होती की यंत्राचे डोळे दिपत आणि ते ‘पृष्ठभाग आढळला नाही’ असं कळवी. बुवा हा शेरा शाबासकीसारखा घेत.

घरी मात्र नखाला मान नव्हता. बायको शिवणकाम करी आणि बावीस वर्षं एकच वाक्य म्हणे, “कापा ते एकदाचं! पाहुण्यांपुढे आधी नख पोचतं, मग चहा.”

बुधवारी तिनेच जॅमची बाटली पुढे केली. “एवढं झाकण उघडून द्या.” झाकण उघडलं. नख मुळापासून गेलं.

गुरुवार हा बोगद्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळपासून तो आठ महिने दुरुस्तीला. त्या लाटेचं गणित मांडण्यात प्रयोगाच्या मॅडमनी चार वर्षं घातली होती, फक्त लाट दिसायची राहिली होती. बुवांनी बोटाने चाचपून, रकाना कोरा ठेवून शंकू दिला. सकाळचा फेरा फुकट गेला. तिसऱ्या सेन्सरपासून पडद्यावर नुसता कचरा.

“थर तिथे आपला आपण विस्कटतोय, की आपण विस्कटवतोय?” मॅडमनी विचारलं. पहिलं खरं असेल तर चार वर्षं पाण्यात.

“सांगता येत नाही,” बुवा म्हणाले. “नख नाही.”

उरला होता एकच फेरा, दुपारचा. मॅडमनी सगळ्यांना हात पुढे करायला लावले. दहाही इंजिनिअरांची नखं कुरतडलेली. चार वर्षं एखाद्या लाटेची वाट पाहणाऱ्यांची तशीच असायची.

बुवांनी घरी फोन लावला. “अगं, तुझं नख कसंय?”

“बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. बरं नाही का वाटत?”

तासाभरात ती फाटकावर हजर.

“सोबत काय आणलंय?” वॉचमनने वही उघडली.

“नख.”

त्याने लिहून घेतलं. “जाताना दाखवावं लागेल.”

आत आल्यावर तिने हात धुतले, आणि शिवण दाबताना ओढतात तसं अंगठ्याचं नख शंकूवरून ओढलं. पहिला सेन्सर, दुसरा. तिसऱ्यावर थांबली.

“इथे टाका अडकतोय. पुढून बरोबर आहे, मागून उचललाय. घाईत लावलेल्या बटणासारखा.”

“मी घाई करत नसतो,” बुवा म्हणाले.

“मग तिरका का?”

बुवांनी पाना उचलला. त्यांनी आतल्या बाजूने सेन्सर किंचित खाली घेतला.

“अजून नखभर. नखभर म्हणजे माझ्या नव्हे, मुंगीच्या. हां, झाला.”

बुवांनी फॉर्म भरला: ‘नख: पास (सौ.चं)’.

शेवटचा फेरा चार सेकंदांचा. भिंती हादरल्या, मग सगळं गप्प. पडद्यावर पहिले दोन सेन्सर सपाट. तिसऱ्यावर एक बारीक, रेखीव लाट. चौथ्यावर तीच मोठी, पाचव्यावर त्याहून मोठी. गणिताने सांगितली होती अगदी तीच. मॅडम किंचाळल्या आणि समोर सापडलेल्या पहिल्या माणसाला मिठी मारली. ती बुवांची बायको होती.

मिठीतूनच तिने पडदा पाहिला. “एवढ्यासाठी का? ही तर पिकोची शिलाई.”

“हो ना!” मॅडम डोळे पुसत हसत होत्या. “आणि सातव्यावर बघा, उसवते.”

“दोरा कच्चा असेल.”

इंजिनिअर टेबलं बडवायला लागले. त्या दिवसापासून तिथे लाटेला पिको म्हणतात आणि थर विस्कटला की दोरा कच्चा निघाला म्हणतात. बाहेरच्या पाहुण्यांना समजावताना फार वेळ जातो.

फाटकावर वॉचमनने नख तपासून वहीत बरोबरची खूण केली.

“वाढवा हो तुमचं परत,” बाहेर पडल्यावर ती म्हणाली.

बुवा चालता चालता थबकले. “आणि बाटल्या? त्या तू उघडणार?”

“मी? छे! त्या शेजाऱ्यांकडून उघडून आणू. माझंही आता रकान्यातलं आहे.”